दरीपलीकडचा नेम

लाइल आमंडसनने त्या वर्षी शिकारीला निघताना एकच गोष्ट ठरवली होती: जीभ आवरायची. त्र्याहत्तर वर्षांत जे जमलं नव्हतं ते आठवडाभरात जमवायचं म्हणजे अवघडच, पण कारणही तसंच होतं. मुलगा येणार होता.

आई मार्लिसच्या दफनानंतर कर्ट माँटानात परतला नव्हता. त्या दिवशी तो सिअॅटलहून धावतपळत पोचला तेव्हा आईची शवपेटी खाली उतरवून झाली होती, आणि लाइलने पाद्र्यादेखत, अख्ख्या गावादेखत त्याला विचारलं होतं, “आता कशाला आलास? जेवायला?” बर्फामुळे विमान अडकून पडलं होतं हे नंतर कळलं. पण तोंडातून गेलेला शब्द थोडाच परत येतो! कर्ट जेवला नाही. चर्चच्या पायरीवरून तसाच गाडीत बसला आणि गेला. मग दर नाताळला एक कार्ड यायचं, तेही सुनेच्या अक्षरातलं. अशी वर्षं गेली.

आणि या उन्हाळ्यात अचानक त्याचा फोन. “डॅड, यंदा वरती तंबू टाकणार आहेस का?”

“टाकतोय,” लाइल म्हणाला. “जागा आहे.”  मग त्याने एल्डनला फोन लावला.

एल्डन प्रुइट हा त्याचा तरुणपणापासूनचा शिकारीचा सोबती. कमरेचा सांधा बदलून घेतल्यापासून तो डोंगर चढत नसे. तंबूत बसून स्वयंपाक करी आणि सगळ्यांची टिंगल करी. लाइलचा बेत ऐकून तो फोनवर खोकला येईपर्यंत हसला. “तू गप्प बसणार? लाइल, त्यापेक्षा खेचराला भजन शिकवू या. लवकर जमेल.”

“हस. पण त्याच्यासमोर जुनं काही काढू नकोस.”

“मी कशाला काढू? काढणारा तू.”

क्रो क्रीक नावाच्या ओढ्याकाठी, पाइनच्या झाडीत त्यांचा तंबू दरवर्षी एकाच जागी पडायचा. जागा लाइलच्या वडिलांनी निवडलेली, आणि तंबूचे दोन नियमही त्यांचेच. पहिला असा, की गोळी झाडली की जनावर जिथे उभं होतं तिथे चालत जायचं आणि जमीन पाहायची. नेम चुकला अशी कितीही खात्री असली तरी जायचं. दुसरा असा, की थेंबभर जरी रक्त निघालं तरी तुमचा टॅग संपला. सरकार प्रत्येकाला वर्षाला एक एल्क, म्हणजे इथलं मोठं हरीण, मारायचा टॅग देतं, परवान्याची चिठ्ठी. शिकार पडली की त्यावरची तारीख सुरीने कापायची आणि तो जनावराला बांधायचा. जखमी होऊन पळालेल्या, कधीच न सापडलेल्या जनावराबद्दल कायदा काही म्हणत नाही. लाइलचे वडील म्हणत. जनावर सापडो न सापडो, टॅग कापा, शिकार बंद, आणि उरलेला मोसम तंबूत भांडी घासा. लाइलने स्वतः दोनदा भांडी घासली होती. त्याबद्दल त्याला शरमही वाटत असे आणि थोडा अभिमानही.

कर्ट आला तो भाड्याच्या मोठ्या गाडीतून. केस विरळ झाले होते, पोट सुटलं होतं, आणि डोळे अगदी मार्लिसचे. बापलेकांनी हात मिळवला. मिठी मारावी असं लाइलच्या मनात आलं, पण तोवर कर्ट सामान काढायला वळला होता. सामानात एक लांबलचक काळी पेटी होती.

“हे काय, वाजवायला आणलंस?” एल्डनने विचारलं.

पेटीतून रायफल निघाली. तिच्यावरच्या दुर्बिणीत अंतराचा आकडा आपोआप उमटायचा, वाऱ्याचा वेग वेगळ्या यंत्रात दिसायचा, फोन त्या दोघांचा हिशोब करून नेम किती वर धरायचा ते सांगायचा, आणि तिपाईवरची दुसरी दुर्बीण सगळ्याचं चित्रण करायची. कर्ट एकेक वस्तू बाजेवर मांडून दाखवत होता. आवाजात उत्साह होता आणि थोडी भीतीही, जसं शाळेतलं प्रगतिपुस्तक दाखवताना असते.

“कॉफी पण करते का ही?” एल्डन म्हणाला.

“तुझ्यापेक्षा बरी करेल,” कर्ट म्हणाला.

एल्डन खूश झाला. तिखट घेवड्याची भाजी त्याने तिघांना वाढली. मार्लिस करायची तशा बटाट्याच्या पातळ पोळ्याही त्याने गावातल्या एका बाईकडून मुद्दाम करून आणल्या होत्या. कर्टने पोळी हातात घेतली, लोणी-साखर लावली, गुंडाळली आणि खाल्ली. लाइल ताटात बघत राहिला.

“डॅड, तुला ही रायफल आवडली नाही ना?”

“चांगली आहे. वजनाला हलकी आहे.”

“खरं सांग.”

लाइलने घास गिळला. “मी आपला जवळ जाणारा माणूस. दोनशे यार्डांच्या पलीकडे मला जनावराचा डोळा दिसत नाही.”

“पण जवळ गेलास की त्यालाही तू दिसतोस. तुझा वास येतो, ते घाबरतं, पळतं, आणि तू पळत्यावर मारतोस. लांबून त्याला मी आहे हेच माहीत नसतं. चरता चरता पडतं, आवाज पोचायच्या आत. यात दया कुठे जास्त आहे?”

मुद्दा बिनतोड होता. लाइललाही तो पटला, आणि पटल्याचा राग आला. एरवी त्याने चमचा आपटून म्हटलं असतं, की मग त्याला पळायची संधी कोण देणार, तुझा फोन? पण त्याने फक्त “हं” म्हटलं आणि आणखी भाजी मागितली. एल्डनने भुवया उंचावून त्याच्याकडे पाहिलं.

पहिले दोन दिवस काही दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी ऊन उतरायला लागलं तेव्हा बापलेक दरीच्या अलीकडच्या कड्यावर बसले होते. खाली क्रो क्रीकची खोल दरी, पलीकडे उघडा गवताळ उतार, त्याच्यावर दाट झाडी. आणि त्या झाडीतून एक नर बाहेर आला. घोड्याच्या उंचीचा, गळ्याशी काळी आयाळ, शिंगांना दोन्हीकडे सहा-सहा फाटे. तो निवांत मान खाली घालून चरू लागला.

कर्ट पालथा पडला. “नऊशे चाळीस,” तो पुटपुटला. “वारा डावीकडून.”

नऊशे चाळीस यार्ड ते उडत्या पाखराला. माणसाला खाली उतरून, ओढा ओलांडून, पलीकडचा चढ चढायला अर्धा दिवस लागला असता, आणि हातात फार तर तासाभराचा उजेड होता. ‘आज नको, उद्या पहाटे पलीकडून येऊ,’ असं म्हणायला लाइलचे ओठ हललेसुद्धा. पण कर्टने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तोंडभर हसू. तसं हसू लाइलने हा मुलगा बारा वर्षांचा असताना शेवटचं पाहिलं होतं.

“मारू?”

“तुझा नेम, तुझी मर्जी,” लाइल म्हणाला, आणि आपली जुनी दुर्बीण डोळ्याला लावली.

गोळी सुटली. ती पलीकडे पोचेपर्यंत मोठा श्वास घेऊन सोडण्याएवढा वेळ गेला. मग नराच्या मागे उतारावर धूळ उडाली. नर दचकला नाही, कोसळला नाही. त्याने मान वर केली, क्षणभर पाठ किंचित उचलली, कमानीसारखी, आणि सावकाश, अगदी सावकाश झाडीत शिरला.

“गेली वरून!” कर्टने जमिनीवर मूठ आपटली. त्याने लगेच चित्रण उघडलं, बोटांनी मोठं केलं. “हे बघ, मागे धूळ. वरून गेली. स्वच्छ चुकली.” त्याने निःश्वास टाकला. “बरं झालं एका परीने. जखमी झाला असता तर वाईट.”

लाइल अजून दुर्बिणीतून झाडीकडे बघत होता. आरपार गेलेली गोळीसुद्धा मागे धूळ उडवते. इतक्या लांबून गेलेली गोळी दमलेली असते, फुटत नाही. सुईसारखी शिरते आणि निघून जाते. आणि पाठीची ती कमान त्याने जन्मात पाच-सहा वेळाच पाहिली होती, प्रत्येक वेळी पोटात लागलेल्या जनावराची. ती फोनच्या पडद्यावर दिसत नव्हती. चित्रात नर बोटाच्या पेराएवढा होता.

“काय झालं, डॅड?”

“काही नाही. गुडघा.”

तंबूकडे परतताना त्याने मनाची समजूत घातली. आता अंधार पडेल. पोटात लागलेल्या जनावराच्या मागे लगेच जायचंही नसतं. ते शांत बसू द्यावं, सकाळी जावं. सकाळी सांगू. सकाळी सांगितलं की कर्टचा टॅग कापला जाईल, नऊ-दहा वर्षांनी आलेला मुलगा चार दिवस भांडी घासेल, आणि मग पुढच्या वर्षी कशाला येईल? पण सांगावं तर लागेलच. सकाळी नक्की सांगू.

सकाळी सांगायची वेळ आली तेव्हा कर्ट बूट चढवता चढवता शीळ घालत होता. मार्लिस भांडी पुसताना घालायची तीच शीळ. लाइल कॉफीचा पेला हातात धरून उभा राहिला.

“कर्ट.”

“हं?”

“कानटोपी घे. वारं आहे.”

एवढंच त्याच्या तोंडून निघालं. उजाडलं तेव्हा ते ओढ्याच्या वरच्या अंगाला होते, आणि एक दुसराच नर समोर आला, चारेकशे यार्डांवर. कर्टने एक गोळी झाडली. नर उभ्या जागी गुडघ्यांवर बसला आणि आडवा झाला. कर्ट म्हणाला होता तसंच, आवाज पोचायच्या आत. त्याला काही कळलंही नसेल.

कर्ट धावत सुटला, मग थांबला, परत आला आणि त्याने बापाला मिठी मारली. घट्ट. “तू होतास म्हणून,” तो म्हणाला. “मला तू असताना मारायचा होता.” त्याच्या जॅकेटला धुराचा वास येत होता. लाइलने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि डोळे मिटून घेतले. दरीपलीकडे कुठेतरी झाडीत दुसरा नर बसला असणार, हे त्याला त्या मिठीतसुद्धा दिसत होतं. तरी त्याने हात काढला नाही. असं सुख त्याला फार वर्षांत मिळालं नव्हतं, आणि त्याची त्याला लाजही वाटत होती.

दिवसभर ते मांस कापून खेचरांवरून खाली आणत राहिले. जेवताना कर्टने त्या नेमाची गोष्ट एल्डनला दोनदा सांगितली. दोन्ही वेळा एल्डन मनापासून हसला. पण कर्ट ओढ्यावर हात धुवायला गेल्यावर त्याने हळूच विचारलं, “आणि कालच्याचं काय, लाइल?”

“चुकली ती.”

“तू पलीकडे गेलास?”

“अंधार झाला होता.”

एल्डनने चुलीत लाकूड सारलं. “मग आज उजेड नव्हता वाटतं.” मग तो भांडी आवरायला उठला, आणि लाइलला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइलने आपली जुनी रायफल घेतली, खेचरावर बसला आणि म्हणाला, “आता माझा टॅग उरलाय. एकटाच फिरून येतो.” कर्ट बरोबर यायला निघाला तर म्हणाला, “तू आराम कर, थकला असशील.”

दरी ओलांडायला त्याला दुपार झाली. गुडघा ठणकत होता. उतारावर नर जिथे चरत होता तिथे तो खेचरावरून उतरला आणि ओणवा होऊन जमीन पाहू लागला. शोधावं लागलं नाही. गवतावर पोटातून सांडलेल्या घाणीचा हिरवट, उग्र वासाचा डाग होता, आणि पुढे झाडीकडे जाणारे पाय ओढत गेल्याचे माग. ज्याने गोळी झाडली त्याला हे तिकडच्या कड्यावरून कोणत्याही काचेतून दिसलं नसतं. त्यासाठी इथेच यावं लागतं. म्हणूनच तर तो नियम होता.

पुढचं कावळ्याच्या जातीच्या मॅगपाय पक्ष्यांनी सांगितलं. झाडीत आत त्यांचा कलकलाट चालू होता. लाइल वाकत वाकत गेला. नर एका पडलेल्या खोडाआड बसला होता. जिवंत होता. मान उभी होती, पण जड झाली होती. खाली जाई आणि पुन्हा वर येई. पक्षी त्याच्या पाठीवर उतरत होते आणि तो त्यांना झटकू शकत नव्हता. त्याने लाइलला पाहिलं. उठायचा प्रयत्न केला, पुढचे पाय रोवले, आणि पुन्हा बसला.

“हो रे,” लाइल म्हणाला. “हो. आलो मी. उशीर झाला.”

त्याने मानेत गोळी घातली. पक्षी उडाले. मग तो त्या जनावराशेजारी बसला आणि रडला. म्हातारी माणसं रडतात तसा, आवाज न करता, नाक पुसत. या जिवाला आदल्या सकाळीच मोकळं करता आलं असतं. एक वाक्य बोललं असतं तर.

मग त्याने खिशातला आपला टॅग काढला, तारीख कापली आणि शिंगाला बांधला. पोट फाडून जे काढायचं ते काढलं. मागच्या मांड्यांपर्यंत घाण पसरली होती, पण पुढचे खांदे आणि मान चांगली होती. चांगलं मांस डोंगरावर टाकून जायचं हे त्याच्या हातून होणं शक्य नव्हतं, आणि एका धड गुडघ्यावर ते एकट्याने उतरवणंही शक्य नव्हतं.

तंबूपाशी पोचला तेव्हा त्याच्या बाह्यांवरचं रक्त कर्टने लांबूनच पाहिलं. “मारलास! एल्डन, म्हाताऱ्याने मारला! किती यार्डांवरून?”

“वीस पावलं,” लाइल म्हणाला.

“वीस पावलं!” कर्टने आनंदाने त्याचे खांदे हलवले. “मी मागे घेतो सगळं. तुझ्यासारखं कुणाला जमणार नाही. सकाळी दोन्ही खेचरं घेऊन जाऊ. तू फक्त जागा दाखव.”

एल्डन तवा घासत होता.

सकाळी दरी उतरताना कर्ट सारखा बोलत होता. पुढच्या वर्षी मुलीला आणतो म्हणाला. ती चौदा वर्षांची होती आणि आजोबांना तिने फोटोतच पाहिलं होतं. लाइल “हो, आण” म्हणत राहिला. सांगायचं तर आत्ता सांगायला हवं, हे त्याला प्रत्येक वळणावर वाटत होतं, आणि प्रत्येक वळण मागे पडत होतं.

झाडीत पोचल्यावर कर्टने शिंगं पाहून शीळ वाजवली. मग सुरी काढली, आणि खाली वाकता वाकता थांबला. त्याला वास आला होता. त्याने जनावराची कूस पाहिली. मानेतलं भोक ताजं होतं. बरगड्यांच्या मागचं भोक लहानसं होतं, सुकलेलं, भोवती काळं पडलेलं. त्याने त्यावर बोट ठेवलं. मग झाडीतून बाहेर गेला आणि उतारावर उभा राहून दरीपलीकडच्या कड्याकडे बघू लागला. कडा इथून फार लहान दिसत होता. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“हा माझा आहे.”

लाइलने मान हलवली.

“तुला त्याच संध्याकाळी कळलं होतं.”

“हो.”

“आणि दुसऱ्या सकाळी मी तो दुसरा मारला तेव्हा...” कर्टने सुरी खाली केली. “तू मला तो मारू दिलास. आपल्या तंबूत. टॅग संपलेला असताना.”

“तू इतक्या वर्षांनी आला होतास, कर्ट. मला वाटलं, बोललो तर पुन्हा येणार नाहीस.”

कर्ट खोडावर बसला. हातातली सुरी त्याने पानांत पुसली, पुन्हा पुसली. “सोळा वर्षांचा असताना मी एका एल्क मादीला पायात गोळी मारली होती. आठवतं? तू मला तीन दिवस डोंगरभर हिंडवलंस. सगळ्यांसमोर ओरडलास. म्हणालास, गाढवा, ते तिकडे मरतंय आणि तुला भूक लागलीय? मी रात्री पांघरुणात रडलो. आई म्हणाली, तो परक्या पोरांवर ओरडत नाही, तुझ्यावरच ओरडतो.”

“मी फार ओरडायचो.”

“हो. फार ओरडायचास. चर्चमध्येही ओरडलास. तरी मी त्याच बापाकडे आलो होतो, डॅड.” त्याने नराकडे पाहिलं. “याला दीड दिवस पक्ष्यांनी टोचलं, आणि तू मला कानटोपी घे म्हणालास. आपल्या मुलाशी कुणी असं वागतं का? असं पाहुण्याशी वागतात.”

 वारा झाडीतून गेला. खेचरं पाय आपटत उभी होती.

“आता तरी ओरड,” कर्ट म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. “चुकलो मी. इतक्या लांबून मारायला नको होतं, आणि मारल्यावर यायला हवं होतं. बोल ना मला. ओरड.”

लाइलने तोंड उघडलं. आयुष्यभर जे न बोलावता यायचं ते आज बोलावूनही येईना. कुणावर ओरडणार होता तो? या पोराने निदान पाहिलं नव्हतं. पाहणारा तोच होता.

त्याने तोंड मिटलं. दोघांनी मिळून खांदे सोडवले, मान सोडवली, पिशव्यांत भरून खेचरांवर बांधलं. एकमेकांना लागेल तेव्हा दोरी दिली, सुरी दिली. उन्हं कलली तेव्हा निघायची वेळ झाली. कर्टने पुढच्या खेचराची दोरी हातात घेतली आणि क्षणभर बापाकडे पाहत थांबला.

“खाली निसरडं आहे,” लाइल म्हणाला. “जपून जा.”

“थँक्स,” कर्ट म्हणाला, आणि पुढे निघाला.